गुनवोरचा तक्ता

एप्रिलमधल्या एका मंगळवारी साडेनऊच्या कॉफीला गुनवोर पोरोमा आली नाही, आणि आम्ही अकरा जण एकमेकांची तोंडं बघत बसलो.

उत्तर स्वीडनमधल्या किरुनातल्या आमच्या अवकाश संशोधन संस्थेत साडेनऊची कॉफी कुणी चुकवत नाही. गुनवोर तर सव्वीस वर्षांत दोनदाच चुकली होती. एकदा दाढ काढायची होती म्हणून आणि एकदा तिची आई गेली तेव्हा. त्यातून त्या दिवशी दालचिनीचे बन आणायची पाळी तिची होती. बनांचा डबा टेबलावर आलेला होता, झाकणसुद्धा उघडून ठेवलं होतं. बाईचा मात्र पत्ता नव्हता.

"जा रे केंट, बघून ये," स्टेलान म्हणाला. स्टेलान आमच्या विभागाचा प्रमुख, हाडाचा शास्त्रज्ञ, पण बन समोर असताना उठणारा नव्हे. मी खालच्या वर्कशॉपमधला माणूस. यानांवर बसवायच्या उपकरणांचे सुटे भाग घडवतो. मी उठलो.

तिच्या खोलीचे पडदे ओढलेले होते. बाहेर बर्फावरून डोळे दिपवणारं ऊन येत होतं आणि ही आत टेबलावरचा दिवा लावून बसली होती. टेबलाच्या मधोमध कॉफीचा थर्मास. हातात निळ्या लोकरीचा गुंडा.

"दार लाव," ती म्हणाली.

"अगं, बन संपतील."

"केंट, दार लाव आणि हा गुंडा धर."

तिचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. मी दार लावलं, गुंडा घेतला.

"हा दिवा म्हणजे सूर्य. थर्मास म्हणजे शनी. गुंडा म्हणजे टायटन, शनीचा चंद्र. वरून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतो. फिरव."

मी थर्मासभोवती गुंडा फिरवायला लागलो. मला थोडं हसू येत होतं.

"थांब. इथंच. आता टायटन कुठं चाललाय?"

"दिव्याकडे."

"शनीभोवती विजेनं भारलेल्या कणांचा वारा असतो. तो शनीबरोबर फिरतो, टायटनपेक्षा कितीतरी वेगात. मग तो टायटनला कुठून गाठेल?"

"मागून."

"आणि मागची बाजू उजेडात आहे की अंधारात?"

मी गुंड्याकडे बघितलं. दिव्याकडची बाजू उजळ निळी होती, मागची काळपट. "अंधारात."

"माझ्या तक्त्यात ती उजेडात आहे," गुनवोर म्हणाली. "अकरा वर्षं झाली, केंट. अकरा वर्षं ती उजेडात आहे."

मला तेव्हा त्याचा अर्थ कळला नाही. पण तिच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलेलं मी बघितलं आणि गुंडा टेबलावर ठेवायचं विसरून तसाच हातात धरून उभा राहिलो.

गुनवोर शास्त्रज्ञ नव्हती, हे आधी सांगायला हवं. ती विट्टांगीजवळच्या एका खेड्यातली, घरात फिनिश बोलणाऱ्या लोकांतली. शाळा सोडून सतराव्या वर्षी लोखंडाच्या खाणीच्या कचेरीत लागली. तिथं कार्डांना भोकं पाडणाऱ्या यंत्रावर बसायची. पुढं खाणीत कॉम्प्युटर आला तो चालवायला शिकली. छत्तिसाव्या वर्षी आमच्याकडे आली ती रात्रपाळीच्या यंत्रांवर लक्ष ठेवायला. प्रोग्रॅम लिहायला ती आपल्या आपण शिकली. शास्त्रज्ञांनी लिहिलेले प्रोग्रॅम इतके गबाळे असत की तिला बघवत नसे. "हे काय लिहिलंय? ह्याला स्वयंपाकघरात कुणी उभं तरी करेल का?" असं म्हणत ती ते नीटनेटके करून द्यायची. करता करता एक दिवस सगळ्यांच्या लक्षात आलं की आता प्रोग्रॅम तीच लिहिते आणि हे नुसते चालवतात.

काम असं होतं. ग्रहाभोवती, चंद्राभोवती भारित कणांचं एक अफाट खळबळणारं आवरण असतं. तिथं जाऊन सगळीकडे मोजता येत नाही. यान एका रेघेतून सुईसारखं जातं, आजूबाजूचं काय ते त्याला दिसत नाही. म्हणून ते सगळं कॉम्प्युटरमध्ये उभं करायचं. कोट्यवधी कण सोडायचे, प्रत्येकाला कुठून ओढ लागते, कुठं ढकललं जातं याचा हिशोब करून त्याला तसूभर पुढं सरकवायचं, मग पुन्हा सगळ्यांना, मग पुन्हा. आठवडाभर यंत्र धडधडत राहिलं की चंद्राभोवतीच्या वाऱ्याचं एक चित्र तयार होतं.

त्यात टायटनचं कठीण, कारण त्याला स्वतःची दाट हवा आहे. सूर्याचा उजेड त्या हवेवर पडला की तिथं नवे भारित कण जन्मतात. तेव्हा टायटन आपल्या वाटेवर कुठं आहे आणि त्याच्या कोणत्या अंगावर किती उजेड पडतो, हे आधी माहीत पाहिजे. त्यासाठी गुनवोरनं २००२ साली चार महिने खपून एक तक्ता बनवला होता. टायटनची जागा घड्याळासारखी सांगतात. सूर्याच्या बाजूला बारा, दोन्ही कुशींना सकाळचे सहा आणि संध्याकाळचे सहा. तो आकडा तक्त्यात घातला की पुढचं सगळं तयार मिळायचं. इतका सोयीचा की ज्यानं मागितला त्याला तिनं तो दिला. जगभर लोक त्याला "गुनवोरचा तक्ता" म्हणायचे, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना गुनवोर हे बाईचं नाव आहे हेही ठाऊक नव्हतं.

त्या तक्त्यात कोन मोजताना एक उणे चिन्ह राहून गेलं होतं. बाराच्या जागेवर चिन्ह असलं काय आणि नसलं काय, फरक पडत नाही. तिनं तक्ता तपासला होता तो बारावर. शनीभोवती फिरणारं यान पहिल्या वर्षांत जिथून गेलं आणि लोकांनी आकडे ताडून पाहिले, त्या जागाही बाराच्या आसपासच्या. सगळं छान जुळलं. चूक होती ती दोन्ही सहांवर. तिथं सकाळची संध्याकाळ झाली होती आणि संध्याकाळची सकाळ.

त्या मार्चमध्ये यान सकाळच्या सहाच्या बाजूनं गेलं, आणि आकडे आले ते चित्राच्या अगदी उलटे. शास्त्रज्ञ म्हणाले, त्या दिवशी शनीचा वाराच विचित्र असेल. सगळ्यांनी ते मान्य केलं. एकट्या गुनवोरला चैन पडेना. तीन आठवडे ती आपला प्रोग्रॅम ओळीओळीनं वाचत होती आणि त्या मंगळवारी सकाळी सात वाजता तिला ती ओळ सापडली.

साडेदहाला ती स्टेलानच्या खोलीत गेली. मला म्हणाली, "तू पण चल, मला एकटीला उभं राहवणार नाही."

स्टेलाननं ऐकून घेतलं आणि तो चक्क हसला. "गुनवोर, तू दमलीयस. चार देशांत चार गट हेच काम करतात. चौघांचे प्रोग्रॅम वेगळे, चौघांची यंत्रं वेगळी. चौघांचं उत्तर तुझ्यासारखंच येतं. चौघं एकाच वेळी एकाच बाजूला चुकतील?"

"तेच मला कळत नाहीये," ती म्हणाली. "त्यांना विचार ना, उजेडाचा आकडा कुठून घेतात."

"आपापला काढत असतील."

"विचार."

त्यानं तिच्यादेखत चौघांना ईमेल टाकला. जर्मनीचं उत्तर जेवणाच्या आत आलं. जपानमध्ये संध्याकाळ झाली होती, तरी तेही तासाभरात आलं. बाकीची दोन दुपारी. चौघांनीही जवळजवळ एकच वाक्य लिहिलं होतं: आम्ही गुनवोरचा तक्ता वापरतो. एकानं वर विचारलं होतं, का, नवीन आवृत्ती आलीय का?

स्टेलान चारही उत्तरं वाचून झाल्यावर खुर्चीत बसला नाही, तर खुर्चीच्या हातावर बसला आणि तिथून घसरला. खरंच घसरला. मी त्याला दंडाला धरून उठवलं. कुणालाच हसू आलं नाही.

"एकोणसाठ निबंध," तो म्हणाला. "तुझ्या तक्त्यावर एकोणसाठ निबंध आहेत. त्यातले माझे चौदा."

"हो," गुनवोर म्हणाली. आमच्याकडे उत्तरेत हो म्हणताना श्वास आत ओढतात. तिचा तो श्वास आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

तक्ता कुणाकुणाला दिला त्याची यादी तिच्या वहीत होती. त्रेचाळीस नावं. तिनं त्याच आठवड्यात त्रेचाळीस पत्रं लिहिली, प्रत्येकाला वेगळं, कुठल्या ओळीत काय चुकलं ते दाखवून. स्टेलान म्हणत होता, आधी आपण नीट तपासू, मग सावकाश जाहीर करू, जरा शब्द जुळवून. "शब्द कसले जुळवायचे?" ती म्हणाली. "सकाळच्या जागी संध्याकाळ लिहिली, याला दुसरा कुठला शब्द आहे?"

तिचा नवरा तूरे खाणीतून निवृत्त झालेला, शांत गडी. त्या शनिवारी मी त्यांच्याबरोबर तळ्यावर गेलो होतो, बर्फाला भोक पाडून मासे धरायला. ऊन होतं, खाली रेनडिअरची कातडी अंथरलेली, हातात आमच्याकडची चीज घातलेली कॉफी. गुनवोर गळाकडे बघत होती, पण मासा ओढत होता तरी तिला कळत नव्हतं.

"ए, तुझा दांडा हलतोय," तूरे म्हणाला. मग जरा वेळानं म्हणाला, "हे बघ. खाणीत असं चुकलं असतं तर वरून छत आलं असतं. मी बघितलंय ते. तुझ्या चुकीनं कोण मेलं? दगड तिकडे, तू इकडे. त्या चंद्राला तर पत्ताही नाही."

ती पहिल्यांदा जराशी हसली. "कुणी नाही मेलं, हे खरं."

तो दिलासा तिला चार दिवस पुरला.

पाचव्या दिवशी फिनलंडमधून एका बाईचं उत्तर आलं. ही बाई तिथल्या एका विद्यापीठात पूर्वी कामाला होती. तिनं लिहिलं होतं: तुमचं पत्र वाचून मला धक्का बसला. आमच्याकडे वेसा आलातालो नावाचा एक विद्यार्थी डॉक्टरेट करत होता. त्यानं तुमचा तक्ता न वापरता स्वतःचा बनवला होता. त्याचं उत्तर सगळ्यांच्या उलट यायचं. दीड वर्ष त्यानं चूक शोधली, सापडली नाही. सगळे म्हणाले, चार गट एकीकडे आणि तू एकटा. २००५ साली तो सोडून गेला. आता तो तोर्निओला असतो असं ऐकलंय.

गुनवोरनं ते मला वर्कशॉपमध्ये येऊन वाचून दाखवलं. लेथ चालू होती, मी ती बंद केली.

"वेसा आलातालो," ती म्हणाली. "हे नाव मला माहीत आहे. कुठून माहीत आहे?"

ती वर गेली आणि जुने ईमेल उपसत बसली. अर्ध्या तासानं मी वर गेलो तर तिनं एक कागद छापून टेबलावर ठेवला होता आणि स्वतः भिंतीला टेकून उभी होती. टेबलापासून जितकं लांब राहता येईल तितकी लांब.

पत्र मार्च २००४ चं होतं. फार अदबीनं लिहिलेलं, सरहद्दीवरच्या नदीकाठच्या आमच्या त्या फिनिशमध्ये. *मी आपला तक्ता माझ्या तक्त्याशी ताडून पाहिला. बाराला दोन्ही जुळतात, सहाला मात्र उलटे येतात. माझंच चुकलं असणार, पण मला ते सापडत नाही. आपल्याला वेळ असेल तर एकदा बघाल का? कोनाच्या चिन्हापाशी काही असावं असं मला वाटतं.*

खाली तिचं उत्तर. दोन ओळी. *तक्ता तपासलेला आहे. तुमचं चिन्ह तपासा.*

"त्यानं मला जागा दाखवली होती, केंट," ती म्हणाली. "ओळसुद्धा दाखवली होती. बोट ठेवून."

मी पुन्हा वाचलं. वेळ बघितली. त्याचं पत्र नऊ वाजून चोवीस मिनिटांनी आलेलं. तिचं उत्तर नऊ सव्वीसला गेलेलं.

तिला गाडी चालवायचा धीर नव्हता आणि तूरेचे डोळे अधू, म्हणून पुढच्या शुक्रवारी मी तिला तोर्निओला घेऊन गेलो. फोन करून जावं असं मी म्हटलं. "फोनवर सांगायची ही गोष्ट आहे का?" ती म्हणाली. वसंतातले रस्ते, खड्डे, पायाला गावाच्या पुढं रेनडिअरांचा एक कळप रस्त्यातच बसलेला. पाच तासांत ती फार तर दहा वाक्यं बोलली असेल. हापारांडाला पूल ओलांडून फिनलंडमध्ये शिरलो, घड्याळ तासभर पुढं गेलं, आणि आम्ही एका पिवळ्या लाकडी घरापुढं उभे राहिलो. अंगणात शिड्या आणि लांब तारांचे ब्रश असलेली गाडी.

दार एका चाळिशीच्या आतल्या बाईनं उघडलं. "धुराड्यासाठी आलात? आज वेळ नाही हं. मे महिन्याशिवाय काही होणार नाही."

"धुराड्यासाठी नाही," गुनवोर म्हणाली. "वेसाला भेटायचंय. मी किरुनाहून आलेय."

"किरुनाहून? एवढ्या लांब? वेसा! अरे, तुझ्याकडे स्वीडनहून माणसं आलीत!"

तो आतून आला. उंच, खांदे थोडे वाकलेले, जेवायला घरी आलेला. चेहरा धुतला होता, पण कानांमागं काजळी राहिली होती. हात पुसत म्हणाला, "बसा. कोण आपण?"

"गुनवोर पोरोमा."

त्याचा हात रुमालात तसाच थांबला.

मला वाटलं होतं ती प्रस्तावना करेल. तिनं काही केलं नाही. कागद टेबलावर ठेवला, ती ओळ बोटानं दाखवली आणि म्हणाली, "इथं चिन्ह राहिलं होतं. तुझं बरोबर होतं. माझं चुकलेलं होतं. मला तीन आठवड्यांपूर्वी कळलं."

वेसा कागदाकडे बघत राहिला. मग उभ्या उभ्याच त्यानं खिशातली सुताराची पेन्सिल काढली, कागदाच्या कोपऱ्यात एक वर्तुळ काढलं, त्यावर चार टिंबं दिली, बाणाची दिशा काढली. त्याला काही म्हणजे काही आठवावं लागलं नाही. आठ वर्षं तो लोकांची धुराडी झाडत होता आणि ते वर्तुळ त्याच्या हातात जसंच्या तसं होतं.

"सकाळच्या सहाला वारा अंधारावर," तो म्हणाला.

"हो."

"मला वाटायचं मी वेडा झालोय."

त्याची बायको, तिचं नाव सातु, दारातून पुढं आली. "हे काय आहे? वेसा? कसलं बरोबर?"

"माझं ते विद्यापीठातलं."

"पण तू तर सांगितलं होतंस तुला ते जमलं नाही. तुझ्या बाबांना तू तेच सांगितलंस. मला तेच सांगितलंस."

"मला तेच वाटत होतं, सातु."

"म्हणजे जमलं होतं?" तिचा आवाज चढला. "जमलं होतं आणि तू सोडून आलास? आणि ही बाई आता आलीय?"

वेसानं खुर्ची ओढली, पण बसला नाही. गुनवोरकडे बघून हळूच विचारलं, "मी तुम्हाला पत्र लिहिलं होतं. तेव्हा तुम्ही बघितलं होतं का? एकदा तरी उघडून?"

खोटं बोलायला किती सोपं होतं. बघितलं पण मला दिसलं नाही, एवढं म्हटलं असतं तरी त्याला जरा बरं वाटलं असतं आणि तिलाही. मी मनात म्हणत होतो, म्हण, बाई, म्हण.

"नाही," गुनवोर म्हणाली. "दोन मिनिटांत उत्तर लिहिलं. कॉफीची वेळ झाली होती."

"दोन मिनिटं," वेसा म्हणाला.

तो मागच्या दारानं अंगणात गेला. खिडकीतून तो दिसत होता. शिड्यांजवळ उभा राहिला, एक शिडी उचलली, पुन्हा तिथंच ठेवली. मग जमिनीवर बसला, ओल्या बर्फातच. सातु त्याच्याकडे धावली नाही. ती आमच्यासमोर उभी राहिली आणि स्टोव्हवर कॉफीची किटली तापत होती ती तिनं हात लांब करून बाजूला काढून ठेवली. आमच्या त्या खोऱ्यात घरी आलेल्या माणसाला, मग तो वैरी असला तरी, कॉफी दिल्याशिवाय पाठवत नाहीत. किटली बाजूला निघाली तशी गुनवोर उठली.

"मी निघते. माझा नंबर कागदामागं आहे."

"त्याचे वडील दोन वर्षांपूर्वी गेले," सातु म्हणाली. "त्यांना वाटत होतं मुलगा आळशी निघाला. ते तसंच वाटून गेले."

परतताना गुनवोर रडली नाही. पायालाच्या पेट्रोलपंपावर मी दोन सॉसेज घेऊन आलो तर ती गाडीत हाताची बोटं एकेक करून दुमडत होती, उघडत होती, जणू ती आपलीच आहेत का हे तपासत होती. "तूरे म्हणाला होता कोण मेलं," ती म्हणाली.

जूनमध्ये शनीवर काम करणाऱ्या लोकांची परिषद होती. गुनवोर आयुष्यात कधी परिषदेत बोलली नव्हती. तिच्या प्रोग्रॅमवर लोक बोलायचे, ती इथं यंत्राजवळ असायची. या वेळी ती हट्टानं गेली आणि स्टेलाननं मलाही तिच्यासोबत धाडलं. दोनशे माणसं होती. तिनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत दहा मिनिटं चूक समजावली. दिवा आणि थर्माससुद्धा नेला होता.

शेवटी तिनं विचारलं, "तुमच्यापैकी कुणी उजेडाचा तक्ता स्वतः बनवला होता? हात वर करा."

एकही हात वर गेला नाही. लोक मान वळवून इकडेतिकडे बघायला लागले. दोनशे शिकलीसवरलेली माणसं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की शेजारच्यानं केलं असेल. एका म्हाताऱ्या जपानी शास्त्रज्ञानं चष्मा काढला आणि डोळे हातांनी झाकून घेतले. पहिल्या रांगेतला एक जण नुसता "अरे देवा, अरे देवा" म्हणत होता.

"एकानं बनवला होता," गुनवोर म्हणाली. "त्याचं नाव वेसा आलातालो. त्यानं मला चूक दाखवली होती. मी बघितली नाही." एवढं बोलून ती खाली उतरली. टाळ्या वाजल्या नाहीत. वाजल्या असत्या तर ती तिथंच कोसळली असती असं मला वाटतं.

वेसाचा फोन सप्टेंबरमध्ये आला, अगदी कोरडा. त्याला यानाचे मार्चमधले आकडे हवे होते. तिनं ते त्याच मिनिटाला पाठवले आणि मग घाबरून पुन्हा उघडून तपासले, बरोबर पाठवलेत ना. सहा आठवडे काही नाही. मग एक मोठं पाकीट आलं. त्यानं घरच्या कॉम्प्युटरवर आपला जुना प्रोग्रॅम चालवला होता. चित्र यानाच्या आकड्यांशी जुळत होतं. सोबत एक चिठ्ठी होती: *माझ्या तक्त्यातही एक चूक निघाली. शनीची सावली मी धरली नव्हती. लहान आहे, पण आहे. तुम्ही बघा आणि या वेळी नीट बघा.*

तिनं अकरा दिवस बघितलं. त्याचं म्हणणं खरं होतं.

दुरुस्तीचा निबंध लिहिताना तिनं त्याचं नाव पहिलं घातलं. त्याला विचारलं तर तो म्हणाला, घाला, पण एका अटीवर. २००४ सालच्या पत्राची गोष्ट त्यात यायला हवी. स्टेलानला हे मुळीच पटलं नाही.

"शास्त्रीय निबंधात असलं कुणी लिहितं का? आपली केवढी नाचक्की होईल! गुनवोर, तुझं नाव काळं होईल."

"माझं नाव तक्त्यावर आहे ना? मग ते काळं झालेलंच आहे."

"त्याला गप्प करायला दुसरं काहीतरी देऊ. विद्यापीठाला सांगू, त्याला परत घ्या म्हणून."

"त्यांनी विचारलंय त्याला. तो म्हणाला, आता नाही." ती टेबलावर दोन्ही हात टेकून उभी होती. त्या बाईनं सव्वीस वर्षांत कुणाला अशी अट घातलेली मी ऐकली नव्हती. "स्टेलान, ते वाक्य जाणार. नाहीतर माझं नाव काढ आणि निबंध तुझा तू छाप."

ते वाक्य छापून आलं. शेवटच्या पानावर, आभारांच्या जागी, बारीक अक्षरात: ही चूक मार्च २००४ मध्ये पहिल्या लेखकानं दुसऱ्या लेखिकेला लेखी कळवली होती, तिनं ती तपासली नाही.

छापील अंक आला त्या दिवशी ती तो घेऊन वर्कशॉपमध्ये आली. वाक्य मला दाखवलं. मी वाचलं. तिच्या चेहऱ्यावर सुटकाबिटका काही नव्हती. ती त्या अक्षरांकडे अशी बघत होती, जणू कुणा दुसऱ्याच बाईबद्दल लिहिलंय आणि ती बाई कोण हे तिला अजून नीट कळत नाहीये.

नंतर तीन वर्षं ती कामावर होती. काम तेच, कॉफीला वेळेवर, बनही चांगले. पण ईमेलचं उत्तर ती त्याच दिवशी देईनाशी झाली. लोक वैतागायचे. साधं "बैठक किती वाजता?" विचारलं तरी उत्तर दुसऱ्या दिवशी. निवृत्तीच्या दिवशी तिनं भाषण करायला नकार दिला. आता तूरेबरोबर खेड्यातल्या घरी असते. माझं जाणं होतं अधूनमधून.

गेल्या वर्षी हापारांडाच्या लोखंडी सामानाच्या दुकानात मला वेसा दिसला. मीच हाक मारली. मला ओळखायला त्याला वेळ लागला. हातात तारेच्या ब्रशांचा जुडगा होता. इकडचंतिकडचं बोललो. थंडी, रस्ते, मुलगी शाळेत जायला लागली म्हणाला. सातु बरी आहे.

"आणि गुनवोर?" त्यानं विचारलं.

"बरी आहे. गुडघे दुखतात."

"तिला सांग..." तो म्हणाला आणि थांबला. ब्रश या हातातून त्या हातात घेतले. दाराशी कुणीतरी आत येत होतं, त्याला वाट करून दिली. मग मान हलवून म्हणाला, "नको. राहू दे."

मी गुनवोरला एवढंच सांगितलं, की तो भेटला होता आणि त्यानं तुझी चौकशी केली. तिनं तो उत्तरेतला श्वास आत ओढला. मग म्हणाली, "काय म्हणाला, जसंच्या तसं सांग." मी त्याचं ते "तिला सांग" आणि "नको, राहू दे" दोन्ही सांगितलं. तिनं मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.